मागे पन्नास आहे

मी तिथं नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी उठून ‘तुम्ही काय बघायला गेला होतात का?’ असं विचारायला नको. नव्हते गेले! नववीच्या वर्गात, तिसऱ्या तासाला, विज्ञानाच्या सरांनी माझ्या लेकीची वही उंच धरून ‘चव्वेचाळीस!’ असं मोठ्यानं वाचलं आणि सगळा वर्ग हसला, हे मी पाहिलेलं नाही. मला ते तिघांनी सांगितलं आणि तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. लेक म्हणाली, सगळे हसले. तिची मैत्रीण म्हणाली, ‘सगळे नाही हो काकू, मी फक्त खाली बघितलं.’ आणि सर म्हणाले... सर पुढे येतीलच, त्यांना यावंच लागेल, मी त्यांना सोडणार नाहीये... सर म्हणाले, ‘मॅडम, वर्ग कशालाही हसतो. काल डस्टर पडलं तर हसला.’ आता यातलं खरं कुठलं? मी पाहिलं नाही, म्हणून मी म्हणत नाही.

सवयच आहे ती माझी. अठरा वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटल्या येतात, आम्ही तपासतो, अहवाल जातो, खाली माझी सही. उपकरणानं जे दाखवलं आणि मी या दोन डोळ्यांनी जे वाचलं तेवढंच रजिस्टरमध्ये चढतं. ‘पाणी बरं दिसतंय’ असं आमच्याकडं लिहीत नाहीत. बरं म्हणजे किती? दिसलं कुणाला? आणि अजून एक. आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर आणायला बंदी आहे. हसू नका! खरंच आहे. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, सरळ, बारीक, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे अशी, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. कारण चुकीलाही पुरावा लागतो. पुसलेल्या आकड्याला आम्ही चूक म्हणत नाही, लबाडी म्हणतो. हे मी लेकीला ती सहा वर्षांची असल्यापासून सांगत आलेय. आणि हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण पुढं याच्यावरच माझं डोकं फिरणार आहे.

तर मंगळवारी संध्याकाळी. जेवणाचं टेबल. एका टोकाला नवरा, तो आरेखक आहे, इमारतींचे नकाशे काढतो, घरीही काढत बसतो. दुसऱ्या टोकाला लेक आणि तिचा गृहपाठ, दहा गणितं, रसायन आणि भौतिक मिसळून. मधे मी, चहाचा कप धरून. मी सोडवून देत नाही हां, मी नुसती बसते. आता बसण्याबसण्यात फरक असतो, असं माझी लेक म्हणते. तिचं म्हणणं, ‘आई, तू गप्प बसलीस तरी तुझ्या भुवया बोलतात.’

रसायनाचं पहिलंच गणित. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, समीकरण संतुलित करा. इकडं ऑक्सिजन दोन, तिकडं एक. बाईसाहेबांनी काय केलं? पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन कोंबला. झालं संतुलित! मी म्हटलं, ‘अगं, हे काय केलंस?’ तर म्हणते, ‘एक उरत होता आई. त्याला कुठंतरी ठेवायला हवा ना?’ उरत होता म्हणून ठेवला! जिना उतरताना सापडलेली चप्पल आहे का ती? मी म्हटलं, ‘बाळ, हे पाणी नाही राहिलं, हे जखमा धुवायचं औषध झालं. पिऊन बघ एक ग्लास.’ तिकडून नवरा मान वर न करता म्हणतो, ‘निदान जंतू तरी मरतील.’ असा आमचा सुखी संसार. पण मग तिनं स्वतः शोधलं, पाण्याचा आख्खा रेणूच दोनदा घ्यायचा, हायड्रोजनही दोनदा, आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू... अहो, त्या चेहऱ्यासाठी मी अठरा वर्षं आणखी बसेन, भुवया बांधून बसेन!

नऊ गणितं झाली. दहावं. ऐका नीट, मला पाठ झालंय ते. ‘ऐंशी अंश तापमानाचे दोनशे ग्रॅम पाणी वीस अंश तापमानाच्या तीनशे ग्रॅम पाण्यात मिसळले. उष्णता बाहेर जात नाही असे मानून मिश्रणाचे तापमान काढा.’ सोपं आहे हो! गरम पाण्याचे दोनशे गुणिले ऐंशी, सोळा हजार. गार पाण्याचे तीनशे गुणिले वीस, सहा हजार. मिळून बावीस हजार. एकूण पाणी पाचशे ग्रॅम. बावीस हजार भागिले पाचशे, चव्वेचाळीस. चव्वेचाळीस अंश. तिनं काढलं, तिनं एकटीनं, माझ्या भुवया जागच्या हलल्या नाहीत, नवरा साक्षीला आहे. मग तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला.

‘आई, मागे पन्नास आहे.’

‘कुठं मागे?’

‘पुस्तकाच्या मागे. उत्तरसूचीत. मागे पन्नास आहे.’

मी पुस्तक ओढून घेतलं. पन्नास! स्वच्छ, ठसठशीत, जाड टायपात. आता पन्नास कसं येईल? येतं, बरं का, येतं. ऐंशी आणि वीस, शंभर. त्याचे निम्मे, पन्नास! म्हणजे ज्या कुणी महाभागानं ही सूची केली त्यानं सरळ सरासरी काढली आणि तो घरी गेला! मग त्या दोनशे ग्रॅमनी आणि तीनशे ग्रॅमनी काय करायचं? शोभेला आले होते का ते बिचारे? तुम्ही बादलीभर गार पाण्यात पेलाभर उकळतं ओतलंत तर बादली निम्मी उकळेल का? न्हाणीघरात रोज उभं राहणाऱ्या माणसाला जे कळतं ते पुस्तक लिहिणाऱ्याला कळू नये? की पुस्तक लिहिणारे आंघोळच करत नाहीत? पाहिलं नाही, म्हणून म्हणत नाही!

मी म्हटलं, ‘पुस्तक चुकलंय. चव्वेचाळीस ठेव.’

‘आई, पण सर मागचं बघूनच तपासतात.’

‘सर शिकलेले आहेत. सरांना कळेल.’

नवऱ्यानं पट्टी खाली ठेवली. तो पट्टी खाली ठेवतो तेव्हा मला धडकीच भरते, कारण मग तो शांतपणे बोलतो. ‘अगं, मागे पन्नास आहे ना? मग लिहू दे की पन्नास. एका आकड्यानं काय होतंय?’ एका आकड्यानं काय होतंय! हा माणूस इमारती काढतो! मी म्हटलं, ‘तुझ्या नकाशात जिन्याच्या पायरीला मागे पन्नास आहे म्हणून पन्नास लिही बरं, बघू कोण चढतं ते!’

चव्वेचाळीस राहिलं. आणि बुधवारी तिसऱ्या तासाला, मी न पाहिलेलं ते सगळं घडलं. वही परत आली. नऊ गणितांपुढं लाल पेननं बरोबरची खूण आणि दहाव्यापुढं पेन्सिलनं बारीक अक्षरात ‘मागे पहा. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती.’ या सरांची पद्धत आहे ती, बरोबरची खूण लाल पेननं, चूक मात्र पेन्सिलनं. मुलांनीही गणितं पेन्सिलनंच सोडवायची. का? तर म्हणे, चूक पुसता आली पाहिजे, मूल कायमचं चुकीचं राहू नये. ऐकायला किती गोड! आमच्या प्रयोगशाळेत हे कुणी बोललं असतं तर त्याला दारातच बूट घालायला लावून घरी पाठवलं असतं.

इथवर ठीक होतं. एक गणित चूक, दहातलं एक, असू दे, सत्यासाठी एवढं चालतं, असं मी म्हणणारच होते. पण लेक रडत होती. मोठ्यानं नाही, ती वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत रडते. मग हळूहळू बाहेर आलं. त्या शाळेत प्रयोगशाळा एवढीशी आहे, आमच्या स्वयंपाकघराएवढी, आणि उपकरणं त्याहून कमी. एका वेळी सहाच मुलं आत जातात. बाकीची पस्तीस खिडकीबाहेर उभी राहून बघतात. वर्षभर तीच सहा आत, तीच पस्तीस बाहेर! आणि ती सहा कोण, तर ज्यांच्या गृहपाठाच्या वहीत दहाच्या दहा लाल खुणा. यादी सोमवारी.

‘आई,’ ती म्हणाली, ‘मला नुसती एकदा ती काचेची नळी माझ्या हातात धरायचीय. मागच्या वर्षी पण मी खिडकीतच होते. पुढच्या मुलीच्या वेणीशिवाय मला काही दिसलं नाही.’

आता मला सांगा! माझी लेक, पाणी तपासणाऱ्या बाईची लेक, वर्षभर वेणी बघणार! कारण तिनं गणित बरोबर सोडवलं! चुकलं असतं तर आत गेली असती! हा कुठला न्याय? मिश्रणाचं तापमान काय विचारता, माझं विचारा, माझं त्या वेळी ऐंशीच्या वर होतं!

मी म्हटलं, थांब. उठ. पुरावा करू.

ऑफिसच्या पिशवीत माझा तापमापक होता, तपासून प्रमाणित केलेला. वजनकाटा स्वयंपाकघरातला, पण मी तो वर्षातून दोनदा तपासते, नवरा याला विकृती म्हणतो. तीनशे ग्रॅम पाणी फ्रीजमधलं आणि नळातलं मिसळून वीस अंशांवर आणलं. दोनशे ग्रॅम गॅसवर तापवून ऐंशीवर. नवऱ्याला म्हटलं, तू फक्त ओत. फक्त ओत! माणसाला एवढंच काम! तो पातेलं उचलून म्हणतो, ‘काय गं, लहानपणी आमच्या चुलत भावानं असंच...’ आणि चुलत भाऊ संपेपर्यंत ते गरम पाणी वाऱ्यावर! आलं एकेचाळीस. मी म्हटलं, ही मोजणी रद्द, कारण आरेखक. रेघ मारली, सही केली, तारीख घातली. दुसऱ्यांदा मी स्वतः ओतलं, झाकण घातलं, भांड्याला टॉवेल गुंडाळला, ढवळलं, श्वास रोखून वाचलं. त्रेचाळीस.

लेक बघतेय तापमापकाकडं. मग माझ्याकडं. म्हणते, ‘आई... मग चव्वेचाळीस पण चूकच की.’

अरे देवा!

‘चूक नाही गं! तो एक अंश थोडा भांड्यानं खाल्ला, थोडा टॉवेलनं, थोडा हवेनं. गणितात म्हटलंय ना, उष्णता बाहेर जात नाही असं माना? मानलं तर चव्वेचाळीस. न मानलं तर त्रेचाळीस. पन्नास व्हायला वरून उष्णता कुणीतरी आणून ओतायला हवी!’

‘म्हणजे पुस्तकाचं पन्नास, तुझं चव्वेचाळीस आणि पातेल्याचं त्रेचाळीस.’

‘माझं नाही, तुझं चव्वेचाळीस! तू काढलंस!’

नवरा हात पुसत म्हणाला, ‘माझं एकेचाळीसही धरा.’

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा घेतली आणि शाळेत गेले. हातात लेखी अहवाल, दोन मोजण्या, भांड्याचं वजन, खोलीचं तापमान, खाली सही. शिक्षकांच्या खोलीत सर बसलेले. बारीकसे, शर्टाच्या खिशात एक लाल पेन, एक पेन्सिल, पेन्सिलीच्या डोक्यावर खोडरबर. ते खोडरबर मी आधी पाहिलं, तुम्हाला खरं सांगते, आणि मगच माणूस पाहिला. त्यांनी माझा अहवाल वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाले, ‘वा. अक्षर छान आहे.’

अक्षर! मी म्हटलं, ‘सर, उत्तर चव्वेचाळीस आहे.’

‘आहेच,’ ते म्हणाले.

...काय?

‘चव्वेचाळीसच आहे, मॅडम. पण मागे पन्नास आहे.’

अहो, मी भांडायला गेले होते! मी रात्रभर मुद्दे काढले होते, अकरा मुद्दे! आणि हा माणूस पहिल्याच वाक्याला कबूल! कबूल झालेल्या माणसाशी भांडायचं कसं? राग ठेवायचा कुठं? मी म्हटलं, ‘ठाऊक आहे तर मग माझ्या मुलीला बरोबरची खूण का नाही?’ त्यांनी खण उघडला, फाईल काढली. त्यात नऊ पत्रं. दरवर्षी एक, पुस्तक काढणाऱ्या मंडळाला, ‘दहाव्या उदाहरणाचे उत्तर चुकीचे छापले आहे’, आणि प्रत्येक पत्रामागे टाचलेलं उत्तर, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ नऊ वर्षं नोंद घेतायत! एवढ्या वर्षांत माणूस शिकून नोकरीला लागतो हो!

‘वार्षिक परीक्षेत हेच गणित येतं, मॅडम,’ सर म्हणाले, अगदी असे, थंड आवाजात, जणू पाणी वीस अंशांवर आहे. ‘आकडे हेच. पेपर तपासायला बाहेर जातात. तपासणाऱ्याच्या पुढं उत्तरसूची. चव्वेचाळीस लिहिलं की तीन गुण गेले. चौथ्या वर्षी मी मुलांना खरं सांगून बघितलं. आख्ख्या वर्गानं चव्वेचाळीस लिहिलं. आख्ख्या वर्गाचे तीन-तीन गुण गेले. दुसऱ्या दिवशी इथं पालक जमले. काय म्हणाले असतील?’

त्यांनी फाईल परत खणात टाकली.

‘म्हणाले, सर, मागे पन्नास दिलेलं असताना तुम्ही पोरांना भलतंच काय शिकवता?’

आणि मग त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. चाळीस वह्या, लेकीची सोडून. म्हणाले, बघा. तुम्हाला ठाऊक आहे का, या मुलांची एक रीत आहे, तिला ती ‘पूल घालणं’ म्हणतात. वरून तीन पायऱ्या खऱ्या लिहायच्या. खाली सूचीतलं उत्तर लिहायचं. आणि मधली जागा भरायची, दोन्ही काठांवरून! चाळीस मुलांनी चाळीस पूल घातले होते हो! एकानं चव्वेचाळीसपर्यंत व्यवस्थित येऊन पुढं लिहिलं होतं, ‘अधिक सहा, हवेची उष्णता, बरोबर पन्नास.’ हवेची उष्णता! हवा वीस अंशांची आणि ती चव्वेचाळीसच्या पाण्याला उष्णता देते, काय दानशूर हवा! एकीनं बावीस हजारांना पाचशेनं भागायच्या ऐवजी चारशे चाळीसनं भागलं, कारण ‘पाचशे वजा साठ, भांडे’. आणि बावीस हजार भागिले चारशे चाळीस, करून बघा, बरोब्बर पन्नास येतात! म्हणजे त्या मुलीनं आधी उलटं गणित सोडवलं, चारशे चाळीस काढले, मग साठ कमी करायला ते भांडं शोधून आणलं! सर म्हणाले, ‘खरं सांगू, ही सगळ्यांत हुशार आहे.’ आणि एकानं, त्या एकाला मी मनातून नमस्कार केला, बावीस हजारांपर्यंत आणलं, पुढं एकच शब्द लिहिला, ‘म्हणून’, आणि खाली पन्नास. म्हणून पन्नास! सगळ्या जगाचा कारभार असाच चाललाय की हो!

मी म्हटलं, ‘सर, आणि तुम्ही यांना लाल खूण देता?’

‘मी फक्त शेवटची ओळ बघतो, मॅडम. वरचं बघितलं तर मला राजीनामा द्यावा लागेल.’

मी म्हटलं, ‘निदान रेघ मारून दुरुस्ती चालेल का? चव्वेचाळीसवर एक रेघ, शेजारी पन्नास, तिची सही?’ म्हणजे बघा, मी किती खाली आले होते! पण निदान पुरावा तरी राहिला असता. तर म्हणाले, ‘खाडाखोडीची वही यादीसाठी धरत नाहीत. तो नियम मुख्याध्यापिकाबाईंचा.’ मग उठता उठता म्हणाले, ‘तुमच्या मुलीला मी आत घ्यायला बघतोय, मॅडम. तुम्ही मला मदत करा.’ मदत! कसली मदत? कशी? त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरी आले. लेकीला सगळं सांगितलं, पत्रं, पूल, भांडं, सगळं. ती हसली, ‘म्हणून’ला फार हसली. मग म्हणाली, ‘आई, तुझं बरोबर आहे. पण मला आत जायचंय.’

‘मग तुझं तू ठरव.’

‘मी पुसणार नाही,’ ती म्हणाली. ‘तूच सांगितलंयस. पुसणं म्हणजे लबाडी.’

बघा! बघा, आपण बोललेलं कसं फिरून आपल्याच अंगावर येतं ते! मला वाटलं होतं, अभिमान वाटेल. वाटला, नाही असं नाही... पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि त्याचं माप माझ्याकडं नव्हतं. तिच्या त्या ‘नाही’ची किंमत एक वर्ष. खिडकीतलं एक वर्ष आणि समोर वेणी.

शुक्रवारी सकाळी सव्वासात. वही टेबलावर, दहाव्या गणिताच्या पानावर उघडी. लेक आंघोळीला. नवरा आत दाढी करत होता. त्याचं खोडरबर नकाशांच्या शेजारी पडलेलं, ते पांढरं, भारी, कागदाला ओरखडा न येऊ देणारं. मी चहाचा कप खाली ठेवला. आता हे मी तुम्हालाच सांगते, घरात बोललेले नाही. मी ते खोडरबर उचललं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्या चव्वेचाळीसवर आणून धरलं. दोन सेकंद असेल, पाच असेल, घड्याळ पाहिलं नाही. आणि परत ठेवलं. जागच्या जागी. वहीला हात लावला नाही. हे असं झालं. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तुम्हाला माझ्या शब्दावर विसंबावं लागेल, आणि मी तुमच्या जागी असते तर विसंबले नसते.

सोमवारी यादी लागली. सहावं नाव लेकीचं.

वही घरी आली. मी उघडली. पहिली ओळ, दोनशे गुणिले ऐंशी. दुसरी, तीनशे गुणिले वीस. तिसरी, बावीस हजार भागिले पाचशे बरोबर... पन्नास. आणि पुढं लाल पेननं बरोबरची खूण. पूल नाही, भांडं नाही, हवेची उष्णता नाही, निदान एक ‘म्हणून’ तरी? तेही नाही! बावीस हजार भागिले पाचशे, बरोबर पन्नास! अहो, पाचशे गुणिले पन्नास पंचवीस हजार होतात, तिसरीतल्या पोराला विचारा! वरचं सगळं तसंच सोडून फक्त तेवढा आकडा पुसलेला, आणि असा पुसलेला की कागदाला ओरखडा नाही, सुरकुती नाही. सरांचं ते ‘मागे पहा’सुद्धा गेलेलं. मी दिव्याखाली धरलं, तिरकं धरलं, भिंगातून पाहिलं. खालच्या दोन चारांचे नुसते दाब दिसतात. आहेत तिथं. कुठं जातील?

‘मी नाही पुसलं,’ लेक म्हणाली. ‘शप्पथ आई. मी शुक्रवारी तशीच वही दिली. उघडूनसुद्धा बघितली नाही, बघितलं असतं तर रडू आलं असतं.’ आणि ही मुलगी पुसते तेव्हा कागदाला भोक पडतं, मला ठाऊक आहे. नवऱ्याला विचारलं. ‘मी? मी कशाला? मी दाढी करत होतो.’ दाढी किती वेळ चालते? पाहिलं नाही. पण त्याच्या पन्नासातला पाच आणि लेकीच्या पन्नासातला पाच एकाच वळणाचा, कारण तिला आकडे गिरवायला त्यानंच शिकवले! सरांना फोन केला. म्हणाले, ‘छे हो मॅडम. शंभर वह्या असतात. पण ज्यानं कुणी पुसलं त्यानं नीट पुसलं हां.’ आणि फोन ठेवला. घाईनं ठेवला का? की शाळेची घंटा झाली? ऐकू आलं नाही.

मी संध्याकाळभर घर डोक्यावर घेतलं. तेव्हा नवरा शांतपणे, पट्टी खाली ठेवून, म्हणाला, ‘अगं, एवढी चौकशी करतेयस, घरात तिसरं माणूसही आहे. तूच पुसलं नाहीस कशावरून?’

मी! मी पुसणार? अठरा वर्षं मी... आणि मग मला ते खोडरबर आठवलं, आणि मी जी गप्प झाले ती त्यानं पाहिली, लेकीनंही पाहिली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आता त्या दोघांपाशी एक निष्कर्ष तयार आहे, आणि माझ्यापाशी त्याच्याविरुद्ध एकही साक्षीदार नाही!

आज लेक पहिल्यांदा आत गेली. घरी आली ती हाताला स्पिरिटच्या दिव्याचा वास घेऊन, बोटं माझ्या नाकाशी धरली, ‘आई, हुंग!’ पहिला प्रयोग कुठला केला म्हणता? गरम पाणी, गार पाणी. दोनशे आणि तीनशे! तिनं स्वतः ओतलं, तिनं स्वतः वाचलं. त्रेचाळीस. मी म्हटलं, ‘आणि सरांनी काय लिहायला सांगितलं?’ ‘म्हणाले, जे दिसलं ते लिहा. इथं पेननं. मागचं पान इथं आणायचं नाही.’ आत खरं, पेननं. बाहेर पन्नास, पेन्सिलनं. आता मी यावर रागावू की काय करू, ते तुम्हीच सांगा, कारण मला ते ठरवता आलेलं नाही.

पण गृहपाठाची वही उद्या परत द्यायचीय. पानाच्या तळाशी शाळेचा शिक्का आहे, पालकांच्या सहीसाठी. त्यावर एकच शब्द छापलाय, ‘पाहिले’. लेक शेजारी उभी होती, कपडे बदललेले, तरी बोटांना तो वास तसाच. ‘आई, सही.’ मी पुन्हा ते पान पाहिलं. बावीस हजार भागिले पाचशे बरोबर पन्नास. कुणी पुसलं, मी पाहिलं नाही, म्हणून मी म्हणत नाही.

सही मात्र केली. ‘पाहिले’च्या खाली. पेननं.